पूर्ण चोवीस

बागेतून परत निघताना तुळशीराम कडूंनी शेवटचं पोर उचलून मेटाडोरमध्ये बसवलं, मागची फळी लावली आणि पद्मिनीबाईंना सांगितलं, "चोवीस. पूर्ण आहेत. बसा समोर."

पद्मिनीबाई डब्यांची पिशवी आणि पाण्याचा कॅन आवरून सगळ्यांत शेवटी आल्या होत्या. त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या. तुळशीराम मालगाडीचे निवृत्त गार्ड होते. ज्या माणसाने पस्तीस वर्षं डबे मोजले, त्याला पुन्हा मोजा म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय मागे पोरांचा खेळ व्हायचाच होता.

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती. गल्लोगल्ली नव्या शाळांच्या पाट्या लागत होत्या. गुढियारीतल्या एका शाळेची पोरं शंभरपर्यंत आकडे एका दमात म्हणायची. पद्मिनीबाईंच्या बालवाडीतली पोरं विसापुढे अडखळायची. ती दिवसभर चिंचोक्यांचे ढीग करायची, वाट्या लहान-मोठ्या लावायची, चपलांच्या जोड्या जुळवायची. पालक कुरकुरू लागले. तुळशीराम बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते. सोमवारी येऊन एकेका पोराकडून शंभरपर्यंत म्हणवून घेईन, नाही जमलं तर एक तारखेपासून दुसरी बाई बघू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पद्मिनीबाईंनी वाद घातला नाही. शनिवारी पोरांना बागेत नेतेय, तुम्हीही चला, एवढंच म्हणाल्या.

मेटाडोर सुरू झाली. मागे पोरांतल्या राधिकाने पत्त्यांची पिशवी उघडली. आज खेळ घ्यायची पाळी तिची होती. काडेपेट्यांवरची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून पद्मिनीबाईंनी पत्ते केले होते. प्रत्येक चित्राचे दोन पत्ते. एक सकाळीच पोराच्या छातीवर पिनने लावलेला, दुसरा पिशवीत. राधिका पत्ता वर धरायची आणि ज्याच्या छातीवर तेच चित्र, तो हात पुढे करायचा. हत्तीला हत्ती मिळाला. कमळाला कमळ मिळालं. पोरांसोबत मागे बसलेले तुळशीराम कंटाळून बाहेर बघत होते.

गाडी बागेच्या फाटकाशी वळत होती तेवढ्यात राधिकाने ड्रायव्हरच्या मागची जाळी वाजवली.

"दीदी, मछली बच गई. और इसके पास तो कुछ है ही नहीं."

पद्मिनीबाईंनी गाडी थांबवायला लावली. त्या मागे धावल्या. कोपऱ्यात एक तीन वर्षांचा पोरगा बसला होता. छातीवर पत्ता नाही, पिन नाही. तो बालवाडीतला नव्हताच. बागेत खेळता खेळता रांगेत शिरला होता आणि तुळशीरामांनी त्यालाही उचलून आत ठेवलं होतं.

मासा रूपालीचा होता.

पद्मिनीबाई बागेतल्या तलावाकडे पळाल्या. मागून तुळशीरामही पळाले. घाटाच्या पाण्यातल्या पायरीवर रूपाली वाकून उभी होती. पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. उरलेली पोळी कुस्करून ती पाण्यात टाकत होती, आणि तुकडे लांब पडावेत म्हणून आणखी एक पायरी उतरायला तिने पाय उचलला होता. पद्मिनीबाईंनी तिला हाक मारली नाही. दबकून मागून गेल्या आणि दोन्ही हातांनी तिला उचलून घेतलं. पोरगी रडली ती पोळी पाण्यात पडली म्हणून.

फाटकाशी एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला मुलगा दिसला का विचारत फिरत होती. तुळशीरामांनीच त्या पोराला तिच्या हातात दिलं. तिने किती आशीर्वाद दिले, त्यांना एकही ऐकू आला नाही. ते फळीवर बसले.

"गिनती तर बरोबर होती, बाई. चोवीसच होते."

"आकडा बरोबरच होता, काकाजी," पद्मिनीबाई म्हणाल्या. "त्यातलं एक पोर आपलं नव्हतं."

गाडी परत निघाली. मासा आपल्या जोडीदाराला मिळाला, आणि मगच राधिकाने पिशवी बंद केली.

सोमवारी बरोबर दहाला ते आले. पालक दाराशी जमले होते. पद्मिनीबाईंनी नेहमीसारखे चिंचोके काढून पोरांपुढे ओतले. त्यांनी कुणालाही रांगेत उभं केलं नाही, कुणाला काही पढवूनही ठेवलं नव्हतं.

तुळशीरामांनी खुर्ची घेतली नाही. त्यांच्या बोटाला धरून पाच वर्षांची एक पोरगी आली होती. गळ्यात दुसऱ्या शाळेचा टाय, पायांत पॉलिश केलेले बूट. ही माझी नात मीनल, असं त्यांनी सांगितलं आणि तिला पोरांच्या घोळक्यात नेऊन बसवलं.

"इले शंभरपर्यंत सगळं पाठ आहे, बाई," ते पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आता तुम्ही इले मोजाले शिकवा."