रेस डावीकडं

नवरा फौजेत, शेत डोंगरावर. राजेश्वरीनं चार जाड चाकांची एटीव्ही बाईक मेढ्याच्या गॅरेजात लावली.

"हँडल उंच करा, जवळ घ्या. रेस अन् ब्रेक दोन्ही डावीकडं."

मिस्त्री चक्रावला. "मग वैनी, उजव्या हाताला काय काम?"

तिनं मागं बाकड्याकडं बघत आवाज बारीक केला. "पदर धरायचा. सासरे दिवसभर शेतात असत्यात. त्यांच्या म्होरं डोक्यावरनं पदर पडून चालत न्हाई."

"एका हातानं घाट चढणार?"

"चढीन. गाडी मीच चालवणार."

बाकड्यावर चहा पीत बसलेले सासरे उठले. तिचा हात पदराकडं गेला.

"मिस्त्री, रेस हाय तिथंच राहू द्या. अन् सूनबाई, पदर कमरंला खोच, दोन्ही हातांनी हँडल धर. मागं मी बसणार हाय."