ताणाची पुली

लोधिवलीजवळच्या एका कारखान्यात गवत कापायची मोटारगाडी आली आणि हिरवळीवर ती चालवायचं काम माळी कमळाकर गायकवाडला मिळालं. दोन महिन्यांत तिची पाती फिरवणारा पट्टा तीनदा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर बागेचं काम बघणारे चिटणीस साहेब सगळ्या माळ्यांसमोर म्हणाले, "गाडी दामटतोस तू. तुम्हा लोकांच्या हातात विळाच बरा."

कमळाकरनं तिन्ही तुटके पट्टे आणले आणि उलटे करून साहेबांच्या टेबलावर मांडले. "दामटली असती तर पट्टा कुठंही तुटला असता, साहेब. हे तिन्ही पाठीवर जळलेत. पाठीला एकच पुली लागते, पट्टा ताणून धरणारी, ताणाची. ती फिरत नाय, नुसती घासते. तुमीच बोटानं फिरवून बघा."

साहेबांनी शेडमध्ये जाऊन पाहिलं. पुली हलली नाही, बेअरिंग जाम झालं होतं. दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसलं, नवा पट्टा चढला.

"चल, कर सुरू," साहेब म्हणाले.

कमळाकर गाडीवर बसला, पण त्यानं किल्ली फिरवली नाही. "सगळ्यांसमोर बोललात, आता चूक माझी नव्हती हेही सगळ्यांसमोर सांगा. मग चालवतो."

साहेब तडक निघून गेले.

"कामावरनं काढतील रं," दामू माळी म्हणाला.

"काढू देत."

गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. गवत घोट्यापर्यंत आलं. रविवारी मुंबईहून मालक यायचे होते. शनिवारी सकाळी चिटणीस साहेबांनी सगळ्या माळ्यांना हिरवळीवर बोलावलं. "चूक कमळाकरची नव्हती, पुलीची होती," ते म्हणाले, आणि कमळाकरनं किल्ली फिरवली.