दारावरची अकरा नावं

शुक्रवारी दुपारी सराव संपवून खेळाडू चिखलाचे बूट काढत होते, तेवढ्यात विल्फ हॅलिवेलने कपडे बदलायच्या खोलीच्या दारावरच्या खिळ्याला उद्याच्या संघाची यादी अडकवली. अकरा नावं, त्याच्या स्वतःच्या अक्षरात.

एकेका पायात बूट तसाच ठेवून सगळे दाराशी जमले. या क्लबात यादी टाइप होऊन यायची. आयुष्यात चेंडूला पाय न लावलेले पाच संचालक दर गुरुवारी हॉटेलात भाजलेल्या मटणावर ताव मारत संघ निवडायचे आणि मॅनेजरने तो कागद खिळ्याला लावायचा. सोळा वर्षं खेळाडू म्हणून विल्फने याच खिळ्यावर आपलं नाव शोधलं होतं. मॅनेजर होऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

"यात माझं नाव आहे," नॉर्मन पिलिंग चाचरत म्हणाला. यंदा सगळ्यांत जास्त गोल त्याचेच होते. पण गिरणीतल्या संपात फाटकाशी पहिला उभा राहिला होता तोही तोच, आणि गिरणी क्लबच्या अध्यक्षांची होती. त्याला संघातून काढल्याचं कालच गावभर झालं होतं.

"वाचता येतं ना तुला? मग आंघोळ कर आणि घरी जाऊन झोप काढ."

तोवर अध्यक्ष एन्टविसलसाहेब काठी टेकत आत आलेच. त्यांनी यादी वाचली.

"हॅलिवेल, हा काय चावटपणा आहे?"

"संघ आहे, साहेब."

"संघ आम्ही निवडतो."

"आणि हरलो की शनिवारी वीस हजार माणसांच्या शिव्या मी खातो. तुम्ही खाणार असाल तर निवडा की खुशाल."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी यादी ओढून काढली, तिचे चार तुकडे केले आणि खिशात घातले.

"आमची यादी तासाभरात इथे दिसली पाहिजे. नाहीतर सोमवारी घराची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेव."

विल्फ राहायचा ते घर क्लबचं होतं. चाळिशी उलटलेली, एक गुडघा कामातून गेलेला, आणि फुटबॉलखेरीज दुसरं काही येत नाही अशा माणसाने बायकोला घेऊन जायचं कुठे?

मग विल्फ कोपऱ्यात गेला. मैदानावर रेघा आखायच्या चुन्याची बादली तिथे होती. त्याने ब्रश बुडवला आणि हिरव्या दारावर वरपासून खालपर्यंत वीतभर अक्षरांत नावं लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या नावाला गोलकीपर उठला आणि बादली धरून उभा राहिला. पिलिंगचं नाव लिहिताना विल्फने ब्रश पुन्हा बुडवून घेतला.

"तुला वेड लागलंय," साहेब म्हणाले.

विल्फने खिशातून घराची किल्ली काढली आणि रिकाम्या खिळ्याला अडकवली.

"सोमवारपर्यंत कशाला थांबता? आमची एडिथ सकाळीच म्हणाली, पडदे उतरवायला तिला दहा मिनिटं पुरतात."

साहेबांनी किल्ली हिसकावून घेतली आणि ते तरातरा दाराकडे वळले.

"जपून, साहेब," विल्फ म्हणाला. "संघ अजून ओला आहे."