चाळीस दिवसांची टाकी

निळ्या माशातून जावयाला कमवायचं होतं ते एवढंच, की मागच्या वेळचा डाव फिरवायचा. मागच्या वेळी त्याने आणलेला मासा सासऱ्यांनी रीतसर आभार मानून अडगळीच्या खोलीतल्या छोट्या टाकीत ठेवला होता. त्या घराचा नियमच तो. दुकानातून आलेला कुठलाही मासा आधी चाळीस दिवस तिथे एकटा राहायचा, आणि धडधाकट निघाला तरच दिवाणखान्यातल्या मोठ्या टाकीत, प्रवाळांच्या शेजाराला जायचा. जावयाला मात्र वाटलं, अडगळीत ठेवलं ते आपल्यालाच. त्यानंतर सात महिने तो फिरकला नाही, आणि बायकोचं माहेरी येणंही काही ना काही निमित्ताने राहूनच गेलं.

आज दोघं आली होती, निळा मासा घेऊन.

मुलीने वडिलांना स्वयंपाकघरात गाठून आधीच सांगून टाकलं होतं, की आज टाकीवरून विषय वाढवू नका, किती मिनतवाऱ्या करून आणलंय त्यांना, आणि मला पुढच्या रविवारीही यायचंय. वडील तीस वर्षं जहाजावरची इंजिनं सांभाळून घरी बसलेले. कुठल्या नळीवर किती दाब आहे, हे त्यांना हात लावून कळायचं. ते "बरं" म्हणाले.

माशाची पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगली. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेतला आणि बारीक नळीने टाकीचं खारं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं. जावई खुर्ची ओढून, मोबाइल सरसावून बसला. दुकानदार किती ओळखीचा, मासा त्याने कसा खास आपल्यासाठी राखून ठेवलेला, हे त्याने दोनदा सांगितलं. सासऱ्यांनी दोन्ही वेळा नव्याने ऐकलं.

"अडगळीची खोली आहे ना अजून?" जावयाने हसत विचारलं. "की आता झालो आम्ही घरचे?"

कप गोळा करायला उठलेली मुलगी उठल्या जागी थांबली.

"तुम्ही बाहेरचे होतात कधी, जावईबापू," सासरे म्हणाले आणि त्यांनी बादलीवर टॉर्च धरला.

निळ्या अंगावर, शेपटीजवळ, तीन पांढरे कण होते. मिठाचे चिकटावेत तसे. मिठाचे नाहीत, रोगाचे आहेत हे ओळखायला सासऱ्यांना टॉर्चही लागला नसता. आज तीन. ते गळून वाळूत पडणार, तिथे शेकड्यांनी वाढणार आणि पंधरा-वीस दिवसांत टाकीतल्या चौदा माशांपैकी एकेकाच्या कल्ल्यात शिरणार. मोठ्या टाकीत त्यावर औषध ओतावं तर प्रवाळ मरतात, न ओतावं तर मासे. चाळीस दिवस होते ते याच्यासाठीच.

मुलगीही वाकून बघत होती. कॉलेजात असताना ही टाकी दर आठवड्याला तीच घासायची.

"नीट दिसतंय ना गं तुला?" वडिलांनी विचारलं. टॉर्च त्यांनी हलवला नाही.

तिने बघितलं. मग मोबाइलमागच्या नवऱ्याकडे बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "सोडा ना बाबा. बादलीतलं पाणी गार होतंय."

जावयाने विचारलं, काही अडचण आहे का. सासरे म्हणाले, अडचण कसली. टाकीचे दिवे तेवढे मालवा, अंधार असला की नवा मासा बुजत नाही. जावई लगबगीने उठला. या घरात त्याला सांगितलेलं ते पहिलंच काम असावं.

जुने मासे नव्याच्या अंगावर धावून जातात, म्हणून त्यांना आधी खाण्यात गुंतवायचं असतं. सासऱ्यांनी डाव्या हाताने टाकीच्या एका टोकाला चिमूटभर खाणं सोडलं. उजव्या हाताने नवा मासा चाळणीत अलगद उचलला, चाळणी नीट निथळू दिली, आणि दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरवली. बादलीतल्या पाण्याचा एक थेंबही त्यांनी टाकीत जाऊ दिला नाही. तेवढा नियम पाळला.

निळा मासा क्षणभर चाळणीतच थांबला. मग प्रवाळांमधून आत गेला.

"बघा, गेला की नाही सरळ," जावई म्हणाला. व्हिडिओ कुणाकुणाला पाठवूनही झाला होता. मुलगी मोकळं हसली, किती महिन्यांनी कोण जाणे, आणि रविवारी जेवायलाच येतो म्हणाली. वडील म्हणाले, या.

या सगळ्याचं मोल ज्यांनी द्यायचं होतं ते चौदाही जण अजून पलीकडच्या टोकाला होते, सासऱ्यांच्या बोटांखाली तोंडं उघडून. सासऱ्यांनी आणखी एक चिमूट सोडली.