रेड्याचा चेहरा

देवीदासभाऊंनी खिशातून चष्मा काढून नाकाच्या शेंड्यावर टेकवला आणि महेजबीन खुर्चीत खाली सरकली. आतापर्यंत जे थोडंफार वेगळं वाटत होतं, तेही जुळलं. पुस्तकातल्या रेड्यालाही चष्मा होता आणि तोही तिथंच टेकला होता.

मूर्तिजापूरच्या एका मंगल कार्यालयात सत्कार चालू होता. 'हार खाणारा रेडा' या मुलांच्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला होता. गोष्ट लिहिली होती शकुनबाईंनी. तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना शिकवलं होतं. चित्रं महेजबीनची होती. बाईंच्या गोष्टीत होता नुसता एक रेडा. बारसं असो की वरात, बँड वाजला की तो सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहायचा. हार कुणासाठीही आणलेला असो, आधी आपल्या गळ्यात पाडून घ्यायचा आणि घरी जाऊन निवांत खायचा. रेड्याला चेहरा देण्याचा उद्योग मात्र महेजबीनचा.

त्याला ती तरी काय करणार? तिचे अब्बा इनायतुल्ला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मनानं काढलेला चेहरा मेलेला दिसतो, हे त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. त्यांच्या सलूनच्या पाटीवरचा हीरो म्हणजे गल्लीतला दूधवाला, आणि शिंप्याच्या पाटीवरची मेमसाब म्हणजे महेजबीनची खाला. मग रेड्यालाही कुणीतरी पाहिलेलं माणूस हवं होतं. आणि हार म्हटल्यावर मूर्तिजापुरात दुसरं कोण आठवणार? देवीदासभाऊ सत्कार समितीचे अध्यक्ष होते. सत्कार कुणाचाही असला तरी पहिला हार त्यांना. आजही तसंच झालं होतं. नाकाच्या डाव्या बाजूची चामखीळ, लोंबत्या मिशा, हनुवटीखालच्या दोन घड्या, सगळं तिनं अगदी जीव ओतून काढलं होतं. पुरस्कार मिळेल आणि पुस्तक खुद्द भाऊंच्या हातात जाईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यात आज एक किल्ली भाऊंच्या खिशात होती. भाजीबाजारामागची त्यांची रिकामी खोली शकुनबाई चार वर्षांपासून मुलांच्या वाचनालयासाठी मागत होत्या. ती आज मंचावरून देतो, असं भाऊंनी कबूल केलं होतं. बाईंच्या घरी पलंगाखाली पुस्तकांची खोकी रचून ठेवली होती आणि बाई आता त्या पलंगावर चढताना स्टूल घ्यायच्या. खोली हातची गेली तर रेड्याला दोष देऊन चालणार नव्हतं.

एरवी काळजीचं कारण नव्हतं. भाऊ पुस्तक उघडत नसत. कथा असो, कविता असो, त्यांच्या लेखी सगळं 'काळजाला हात घालणारं' असे. एकदा तर हे त्यांनी कपाशीवरच्या किडींच्या पुस्तकाबद्दलही म्हटलं होतं. पण आज पहिल्या रांगेतल्या पोरी घटकेत पुस्तकात बघत होत्या, घटकेत मंचाकडे, आणि तोंडात ओढणी कोंबत होत्या.

"काहून हासून राहिले हे लेकरं?" भाऊंनी विचारलं आणि टेबलावरचं पुस्तक ओढलं.

"पुस्तकच मजेदार हाय ना, भाऊ," शकुनबाई घाईनं म्हणाल्या. "घरी जाऊन वाचा निवांत."

भाऊंनी पान उलटलं. मग दुसरं. महेजबीननं डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात माफी मागायची तयारी केली. 'चूक झाली, भाऊ' इथपर्यंत चांगलं जमलं. पुढं काही सुचेना.

शेजारची खुर्ची हलायला लागली. तिनं एक डोळा उघडला. भाऊंचं पोट गदगदत होतं. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"खरं सांगा, महेजबीनबाई," ते तिच्या कानाशी आले. "हा डोमाजी हाय ना?"

डोमाजी मंचाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. गावातल्या दुसऱ्या सत्कार समितीचे ते अध्यक्ष. आज बोलावलं नसतं तर त्यांनी उद्या या दोघींचा वेगळा सत्कार ठेवला असता. त्यांच्या नाकावर चामखीळ नव्हती, मिशा नव्हत्या, आणि चष्मा त्यांनी जन्मात लावला नव्हता.

महेजबीननं बाईंकडे पाहिलं. बाई छताचा पंखा बघत होत्या.

"तुमच्यापासून काय लपून राहते, भाऊ?" ती म्हणाली.

"पाह्यल्याबरोबर वळखलं. हार दिसला का अशीच लाळ गाळते थो."

भाऊ उठले. माइक हातात घेऊन आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर पुस्तकाबद्दल बोलले, आणि बरं बोलले. किल्ली त्यांनी शकुनबाईंच्या हातात ठेवली. बाईंनी ती लगेच पर्समध्ये टाकून चेन ओढली. महेजबीनचा जीव भांड्यात पडला. पण भाऊ माइक सोडेनात.

"एक अट हाय," ते म्हणाले. "खोलीच्या समोरच्या भिंतीवर हा रेडा काढा. पुरा भिंतीएवढा. एक केस बदलू नोका. रस्त्यानं जानाऱ्या मानसानं पाह्यल्याबरोबर वळखला पायजे."

ते डोमाजींकडे बघून मिशीत हसले. डोमाजींच्या मांडीवरही पुस्तक उघडं होतं. सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते.

"काढते ना, भाऊ," महेजबीन म्हणाली.

"आन खोली कोनं देली, हे बी लोकायले समजलं पायजे," भाऊ म्हणाले. "रेड्याच्या बरोबर खाली माझं नाव लिवा. मोठ्या अक्षरात."