डिरेक्टरीच्या पोटात

"वाच," म्हणत सुनंदाबाईंनी लाल पेन्सिल सरसावली.

अंधेरीच्या त्या ऑफिसात सोमवारी नवा कॉम्प्युटर येणार होता. जुन्यातलं काय काय हलवायचं ते आधी कळायला हवं होतं. मालनने छोटीशी स्क्रिप्ट लिहिली आणि मशीनने सगळी वंशावळ छापून दिली. प्रत्येकाच्या नावाची डिरेक्टरी, तिच्या पोटात आणखी डिरेक्टऱ्या, त्यांच्या पोटात फायली. पण सुनंदाबाईंचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. एकीने पडद्यावरून वाचायचं, दुसरीने कागदावर टिक करायची, ही त्यांची शिस्त.

एसीच्या गारठ्यात मालन पदर गळ्याशी ओढून बसली होती.

"कमल. आत पत्रं. खंडू. आत बिलं, पगार."

"रविवारी भांडुपला मुलगी बघायला जातोय," टिक करता करता बाई म्हणाल्या. "आता नंदूचं काही ऐकणार नाही."

नंदू त्यांचा मुलगा, याच ऑफिसात प्रोग्रामर. प्रत्येक स्थळाला त्याने नाक मुरडलं होतं. सुनेचं तोंड बघायला मिळतंय की नाही, या घोराने बाईंची झोप उडाली होती. मध्ये त्यांना मालनच मनात भरली होती. पण दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "नंद्या, माझी फ्लॉपी कुठे ढापलीस रे?" असं ती भर ऑफिसात ओरडायची. बाईंनी तो नाद सोडला. गेल्या आठवड्यात ती मालवणला गेली, नंदू कामासाठी पुण्याला, तेव्हा कुठे ऑफिसला जरा शांतता मिळाली.

"मुलगी चांगली आहे?" मालनने विचारलं.

"म्हणतात तरी. चल, पुढे वाच."

"मथुरा. आत स्टॉक. रामनाथ. आत ऑर्डरी."

"थांब. मधली एक राहिली ना."

"हो. तिच्यात प्रोग्राम आहेत. आणि जुन्या फायली."

"आतलं मागाहून. आधी नाव."

"आहे ना तुमच्या कागदावर."

"कागदावर आहे गं. पण वाचल्याशिवाय मी टिक करत नाही."

मालन पडद्याकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने पदर आणखी घट्ट ओढला.

सुनंदाबाईंनी कागद पाहिला. मथुरा आणि रामनाथच्या मध्ये स्वच्छ छापलं होतं, नंदू. मग त्यांनी मालनच्या गळ्याशी आवळलेल्या पदराकडे पाहिलं. आधी त्यांना राग आला, पण तो काही टिकेना.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"भांडुपला फोन करून येते," त्या उठत म्हणाल्या. "तोवर उखाणा जुळवून ठेव."