उजव्या दाराची तार

बाल्ताझारनं तिसऱ्यांदा तार ढकलली आणि ती तिसऱ्यांदा भलतीकडेच, खिडकीच्या काचेपाशी वर आली. त्याच्या जुन्या इम्पाला गाडीचं उजवं दार सताड उघडं होतं. दाराचं आतलं आवरण अंगणातल्या टेबलावर पडलं होतं आणि स्पीकरच्या जागी नुसतं गोल भोक दिसत होतं. जुनी तार बिजागरीपाशी तुटली होती. नवी तार दारातून रबराच्या नळीत, नळीतून गाडीच्या अंगात आणि तिथून डॅशबोर्डखाली काढायची. सांगायला एवढंच. पण दाराकडून ढकलायला एक माणूस लागतो आणि आतून पकडायला दुसरा. आणि डॅशबोर्डखाली बाल्ताझारचं पोट मावत नव्हतं.

उद्या सकाळी नातीचा बाप्तिस्मा. घरापासून चर्चपर्यंत बारा गाड्या ओळीनं, अगदी सावकाश जाणार. सगळ्यात पुढे बाळाला घेऊन ही इम्पाला. अख्खं एस्पान्योला गाव रस्त्यावर येऊन बघणार, आणि पहिलीच गाडी अर्धी मुकी.

ओतिलियानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याची धडपड दोनदा पाहिली. मग तिनं त्याला न विचारताच फोन लावला.

वीस मिनिटांत फाटकाशी निकानोरची पिकअप थांबली. निकानोर म्हणजे त्यांच्या सुनेचा बाप. तीस वर्षं त्यानं टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या; भिंतीतून, छतावरून, जमिनीखालून. आणि गेले चौदा महिने तो आपल्या व्याह्याशी एक शब्द बोलला नव्हता. मुलांच्या लग्नात त्याचं भाषण अर्धा तास झाला तरी संपेना, तेव्हा बाल्ताझारनं अंगणात उभ्या केलेल्या याच गाडीतलं गाणं मोठ्यानं लावलं होतं. पाहुणे उठले आणि नाचायला लागले. निकानोरच्या हातात चार पानं वाचायची राहिली, ती राहिलीच.

आता तो तारा ओढायच्या लवचिक काड्यांची जुडी काखेत मारून आला आणि कुठलं दार, असं त्यानं ओतिलियाला विचारलं.

"उजवं," बाल्ताझार बायकोकडे बघत म्हणाला.

पहिली दहा मिनिटं सगळा कारभार तिच्यामार्फत चालला. यांना विचारा, काडीला साबण लावलाय का. त्यांना सांग, भांड्यांचा लावलाय, भरपूर लावलाय. यांना म्हणावं, आधी काडी घालायची, मग तिच्या टोकाला तार बांधायची. त्यांना म्हणावं, एवढं कळतं.

ओतिलियानं ओल्या हाताचं बोट आधी एकाकडे रोखलं, मग दुसऱ्याकडे. "चुलीवर माझा पोसोलेचा रस्सा उतू जातोय. मी काय टेलिफोनवरची बाई आहे? बोला तुमचं तुम्ही." ती आत निघून गेली.

मग निकानोरनं बूट काढून बाहेर ठेवले. त्या गाडीत बूट घालून कुणी बसत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो सीटवर उलटा झोपला, डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि पाय सीटच्या पाठीवर टाकले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. बाल्ताझारला हसू आलं, ते त्यानं खोकून घालवलं.

त्यानं काडी सरकवली. ती नळीत शिरली, अडली. त्यानं दार थोडं हलवलं आणि जोर लावला.

"अरे थांब की," खालून आवाज आला. "बोटात घुसतेय माझ्या."

"मग सांग ना तसं. मला काय आतलं दिसतंय?"

"सांगतोय. वीतभर मागे घे. आता ढकल. हळू. अजून. ये, ये... सापडली."

बाल्ताझारनं काडीच्या टोकाला तार बांधून चिकटपट्टी गुंडाळली. निकानोरनं ओढली. लाल-काळी तार साबणासकट गपकन आत गेली.

"बिजागरीपाशी ढील सोड," निकानोर म्हणाला. "मागच्या खेपेला ताणून बसवली होतीस. दार उघडलं की तिचा जीव जायचा."

बाल्ताझारनं मुकाट्यानं ढील सोडली. दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. मग वर न बघता त्यानं विचारलं, "त्या राहिलेल्या पानांत काय होतं रे?"



"दोन पानं मुलीवर होती," निकानोर म्हणाला. "आणि दोन गाडीवर."

"कुठल्या गाडीवर?"

"याच गाडीवर. माझी पोरगी इतक्या देखण्या गाडीतून चर्चला आली, की मी रडायचंही विसरलो, असं लिहिलं होतं. मग तीच गाडी बोंबलायला लागली."

बाल्ताझार दाराला टेकून उभा राहिला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट, मग सगळी गाडीच हलायला लागली. डॅशबोर्डखालचा माणूस बराच वेळ चिडून राहिला होता. शेवटी तोही हसला, आणि हसताना त्याचं डोकं वर आपटलं.

"माझं चुकलं," बाल्ताझार म्हणाला. "पण अर्धा तास, निकानोर."

"पंचवीस मिनिटं."

स्पीकर बसला. त्यांनी गाणं लावलं. उजवं दार आतून घुमायला लागलं, तसा निकानोरनं त्याच्यावर तळवा ठेवला आणि ते ठीक वाजतंय अशी मान हलवली. आतून ओतिलियानं हाक मारली की वाट्या भरल्या आहेत, हात धुऊन या.

निकानोर बूट हातात घेऊन सीटच्या कडेला बसून होता. बूट घालायची त्याला काही घाई दिसेना.

"डाव्या दाराचं काय?" त्यानं विचारलं.

डावी तार बाल्ताझारनं मागच्याच उन्हाळ्यात नवी घातली होती.

"तीही आता बघायलाच पाहिजे," तो म्हणाला. स्क्रूड्रायव्हर उचलून तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि डावा स्पीकर खणखणीत वाजत असतानाच त्यानं पहिला स्क्रू सैल केला.